पाठमोरी फटाकडी

"मूठ उघडा, वन्सं. कार्ड माझं आहे."

"कार्ड दादाचं आहे. आणि तुमचा नवरा होण्याआधी सव्वीस वर्षं तो माझा भाऊ होता."

"वर्षं मोजून दाखवू नका मला. अडतीस वर्षं संसार केलाय मी त्यांच्याबरोबर."

"केलात ना? मग त्या अडतीस वर्षांत एकदा तरी त्याच्याबरोबर तळ्यावर गेलात?"

हे वर्मी लागलं. वहिनींनी सुजलेला पाय स्टुलावरून खाली घेतला आणि मुकाट्याने पुन्हा वर ठेवला. तरातरा उठून जाण्यासारखा तो राहिलाच नव्हता. नणंद ओट्याला टेकून उभी होती. तिच्या मागे पातेल्यात पाणी उकळत होतं आणि तिच्या उजव्या मुठीत नखाएवढं एक मेमरी कार्ड होतं, कॅमेऱ्यातलं. मूठ त्या पातेल्यावर उघडली की खेळ खलास.

"नाही गेले," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर आता जाणार. उद्या पहाटे. लंगडत जाईन, नाहीतर खुरडत जाईन. ते बोलावतायत मला."

"तो बोलावत नाहीये."

"मग कोण बोलावतंय?"

वन्संनी मूठ पातेल्याच्या आणखी जवळ नेली.

आता हे भांडण कशावरून, ते सांगायला हवं. लोकांना वाटतं, असल्या गोष्टींना मध्यरात्र लागते, पडकं घर लागतं, कुत्र्यांचं रडणं लागतं. काही लागत नाही. ही गोष्ट सकाळी सात वाजता, चांगल्या उजेडात घडली. दोन शहाण्यासुरत्या बायकांच्या देखत घडली. एकीने जन्मभर कपडे शिवले, दुसरीने पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांचं रक्त तपासलं. दोघींचेही डोळे फसणाऱ्यांतले नव्हते.

वहिनींचे यजमान नकाशे काढायचे. नोकरी संपल्यावर त्यांनी एक छोटा कॅमेरा घेतला. दिसायला डबा, कोटाच्या खिशात राहील एवढा. पण बटण सरकवलं की पुढची नळी लांब लांब बाहेर यायची आणि तळ्यापलीकडच्या पाखराच्या डोळ्यातली चमक पडद्यावर दिसायची. तळ्यावर येणारे बाकीचे पक्षीवाले हातभर लांबीची भिंगं खांद्यावर टाकून यायचे. ते ह्या डब्याला हसायचे, आणि हे त्यांना तोफखाना म्हणायचे. "तोफखाना आला की पाखरं शरण येत नाहीत, पळून जातात," असं घरी येऊन सांगायचे आणि स्वतःच्याच विनोदावर एकटेच हसायचे. एकटेच, कारण वहिनींच्या तोंडात टाचण्या धरलेल्या असायच्या. दर रविवारी पहाटे बूट चढवून ते दारात थांबायचे आणि म्हणायचे, "चल की एकदा." टाचण्यांच्या फटीतून वहिनी म्हणायच्या, "गिऱ्हाईक यायचंय." बस, एवढंच. ह्यात कुणाचं काय चुकलं? काही नाही. पण माणूस गेलं की असली फुटकळ वाक्यंच मागे उरतात आणि कुसळासारखी टोचत राहतात.

ते गेले तेही तळ्यावरच. काठाला पक्षीवाल्यांनी पत्र्याची एक खोली केली होती, पुढे आडवी फट ठेवून, म्हणजे पाखरांना माणूस दिसू नये. तिला सगळे लपण म्हणायचे. त्या लपणासमोर, गुडघाभर पाण्यात, ते पालथे सापडले. कॅमेरा आत तिवईवर, कोरडा ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. वन्संनी विचारलं, पण तो पाण्यात कशाला उतरला? डॉक्टर म्हणाले, गेले असतील एखाद्या पाखरामागे. वन्सं घरी येऊन म्हणाल्या, "पाखरामागे जायचं नाही, पाखराला येऊ द्यायचं, हे मला दादानेच शिकवलं. तो जाणार नाही मागे. मला नाही पटत."

आठ महिने वहिनींनी शिवणयंत्राला हात लावला नाही. मग एके दिवशी कपाटातून तो डबा काढून नणंदेपुढे ठेवला. "शिकवा मला."

"आता?"

"आता नाहीतर काय ते परत आल्यावर?"

वन्संची जीभ वस्तऱ्यासारखी, पण शिकवायला त्या बसल्या की जीव ओतायच्या. कोपरं बरगड्यांना लावा. श्वास सोडा, मग बटण. आधी अर्धंच दाबायचं. हिरवी चौकट आली की पूर्ण. लाल चौकट लुकलुकली तर समजा, वस्तू फार जवळ आहे. नळी पूर्ण बाहेर असली की ह्याला लांबचं दिसतं, जवळचं दिसत नाही. मागे सरा.

"लाल झाली म्हणजे चिडतो की काय हा माझ्यावर?"

"कॅमेरा चिडत नाही. मी चिडते."

सुईत दोरा ओवणारे हात ते, कशाला थरथरतायत? दुसऱ्या आठवड्यात वहिनींनी खांबावरचा खंड्या असा टिपला, की चोचीतल्या माशाचे खवले मोजून घ्यावेत. वन्संनी तो पडद्यावर मोठा करून बघितला. "दादाला असा कधी जमला नाही," एवढंच म्हणाल्या. वहिनींना त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि ते दुःखाने नव्हे.

इथेच थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्याच रात्री वहिनी कार्डावरचे जुने फोटो बघत शेवटापर्यंत गेल्या आणि त्यांना एक व्हिडिओ सापडला. शेवटच्या सकाळचा. दिसत काही नव्हतं. नुसतं पाणकणसांचं बेट. पाण्यात उभी वाढलेली ती उंच पात्यांची दाटी, वाऱ्याने हलणारी. आणि त्यातून फटाकडीची साद. फटाकडी म्हणजे मुठीएवढी लाजरी पाणकोंबडी; दिसते वर्षातून दोनदा, ऐकू येते रोज. वरून खाली घरंगळत येणारी किणकिणती हाक असते तिची. ती साद संपली. मग थोडा वेळ काही नाही. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून ह्यांचा कुजबुजता आवाज: "जवळ ये… हळूच." मग तिवईची खुट्टी वाजल्याचा बारीकसा टक्. पुढे पुन्हा नुसती पाती.

वहिनींनी ते तीसेक वेळा ऐकलं असेल. वन्संनी एकदाच ऐकलं आणि विचारलं, "हा कुणाशी बोलतोय?"

"पाखराशी."

"पाखराशी तो बोलायचा नाही. लपणात शिंक आली तर रुमाल कोंबायचा तोंडात."

पक्षीवाल्यांचा एक रिवाज आहे. दाटीतलं पाखरू बाहेर यावं म्हणून काहीजण त्याच्याच सादेची ध्वनिफीत वाजवतात. पाखराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा कुणी घुसला. ते छाती काढून भांडायला बाहेर येतं, आणि टिपलं जातं. ही फसवणूक आहे, आणि फसवणुकीलाही मर्यादा असते. दोनदा वाजवायचं, तिसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा वाजवलं तर पाखरू खुळावतं, अंडी सोडून भटकतं. वन्सं ह्या बाबतीत देवालाही सूट देणाऱ्या नव्हत्या. वहिनींनी तळ्यावर तोच व्हिडिओ वाजवायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी बोटं दाखवून बजावलं, "दोन. आणि त्याचं बोलणं यायच्या आत बंद करायचं."

पहिल्या सकाळी वहिनींनी दोनदा वाजवलं. बंद मात्र केलं नाही, दोन्ही वेळा शेवटपर्यंत जाऊ दिलं. वन्संनी दातओठ खाल्ले. लपणात बोलता येत नाही म्हणून निभावलं. आणि फटाकडी आली. पाणकणसांच्या कडेला, चाळीस पावलांवर, चिखलात उभी. वहिनींनी नळी पूर्ण बाहेर काढून बावीस फोटो घेतले. हवेत तरंगतच घरी आल्या.

घरी टीव्हीला जोडून मोठे करून बघितले, तेव्हा वन्संचा चेहरा उतरला.

"एकातही डोळा नाही," त्या म्हणाल्या.

"पाठ करून उभी होती. माझं नशीब."

"नशिबाचं नाही, वहिनी. साद ऐकून आलेलं पाखरू सादेकडे तोंड करतं. पिसं फुलवतं. हिची बघा, अंगाला चिकटलीत. शेपूट खाली. ही आत बघतेय, पात्यांत. बावीसच्या बावीस वेळा आत बघतेय." मग पडद्यावर बोट ठेवून, "ही घाबरलीय. आणि आपल्याला नाही. आपल्याकडे पाठ करायला आपण तिला बरे वाटलो."

वहिनी हसल्या. पण रात्री स्वयंपाकघरातला दिवा त्यांनी तसाच चालू ठेवला.

दुसऱ्या सकाळी पाखरू आलं नाही. दोनदा वाजवून झालं. वन्सं पाणी प्यायला वळल्या, तेवढ्यात वहिनींनी तिसऱ्यांदा वाजवलं. वन्संनी मनगट धरलं, पण उशीर झाला होता. साद संपली, ह्यांचा आवाज संपला, टक् झालं. तळं असं गप्प झालं, की पत्र्यावरून ओघळणारं दव ऐकू यावं. बुड्या मारणाऱ्या टिबुकल्या पाण्यावर होत्या, त्या एकामागून एक बुडाल्या, आणि वर आल्या नाहीत.

मग पाणकणसांतून उत्तर आलं. वरून खाली घरंगळत येणारी साद. हुबेहूब. वहिनींनी आनंदाने नणंदेचा हात दाबला. साद संपली. थोडा वेळ काही नाही.

"जवळ ये… हळूच," पाणकणसं म्हणाली.

आणि टक्.

दोघी एकमेकींकडे बघायला धजल्या नाहीत. पहिल्यांदा वन्सं बोलल्या, ओठ न हलवता. "काही पाखरं नक्कल करतात. ऐकलेलं जसंच्या तसं."

"फटाकडी करते?"

"…नाही."

त्या दिवशी परतताना वन्संनी तीनदा सांगितलं, उद्या यायचं नाही. वहिनी तिन्ही वेळा बरं म्हणाल्या. आणि पहाटे साडेपाचला बूट चढवून दारात उभ्या राहिल्या. म्हातारीला एकटीला कसं जाऊ द्यायचं, म्हणून वन्संही निघाल्या. स्वतः दोनच वर्षांनी लहान, पण म्हातारी ती दुसरी.

तिसऱ्या सकाळी धुकं होतं, पण फार नाही. चाळीस पावलांवरची पाती दिसत होती. वन्संनी आधीच कार्ड काढून खिशात घातलं. वाजवायचं नाही, नुसतं बघायचं, ह्या कबुलीवर त्या आल्या होत्या. कॅमेरा आता कार्डाशिवाय होता, दुर्बिणीसारखा. वहिनींनी पट्टा गळ्यात अडकवला, कोपरं बरगड्यांना लावली, नळी पूर्ण बाहेर काढली. हिरवी चौकट आली. एकेक पातं धारेसकट स्पष्ट दिसत होतं. एका पात्यावर गोगलगाय होती.

कुणी काही वाजवलं नव्हतं, तरी साद आली.

त्याच क्षणी पडद्यावरचं सगळं पुसलं गेलं. पाती गेली, गोगलगाय गेली. तपकिरी, ओला, हलता डाग तेवढा उरला. चौकट लाल झाली आणि लुकलुकू लागली.

फार जवळ.

वहिनी एक पाऊल मागे सरल्या. लाल. आणखी एक. लाल. पाठ पत्र्याला टेकली, आता मागे जागाच नव्हती. चौकट लुकलुकत होती आणि तो तपकिरी डाग श्वास घेतल्यासारखा हळूहळू मोठा होत होता. वास आला. कापड ओलं असताना पेटीत ठेवून विसरावं आणि महिन्याने झाकण उघडावं, तसा. वहिनींनी कॅमेरा डोळ्यांपासून खाली घेतला. समोर काही नव्हतं. फट होती, पाणी होतं, चाळीस पावलांवर पाती होती. वास मात्र नाकाशी होता.

"वन्सं…" त्या म्हणाल्या, "तुम्हाला…"

"बोलू नका," वन्सं कुजबुजल्या. "त्याच्याशी बोलू नका."

"जवळ ये," बाहेरून आलं. "हळूच." आणि टक् झालंच नाही. त्याऐवजी, जरासा हसल्यासारखा, दारात बूट घालून उभा असल्यासारखा आवाज: "चल की एकदा."

भीती नव्हती असं नाही. पण त्यांच्या ओठांतून शब्द निघाले. "आले हो," त्या म्हणाल्या. "आले. आज गिऱ्हाईक नाही कुणी."

आणि दार उघडून त्या पाण्यात उतरल्या.

चिखल असा मऊ, की पाऊल कधी गेलं ते कळू नये. घोटा, पोटरी, गुडघा. मागून गळ्याला हिसका बसला. वन्संनी कॅमेऱ्याचा पट्टा धरला होता आणि त्या दोन्ही हातांनी ओढत होत्या. वहिनींचा पाय मुरगळला, दोघी काठावर आडव्या झाल्या. वन्सं त्यांना पोत्यासारखं ओढत वर नेत होत्या आणि आतून आवाज येतच होता. चल की एकदा. चल की एकदा. वाढला नाही, चिडला नाही, विनवण्यांवरही आला नाही. हाक मारणाऱ्याला कसलीच घाई नव्हती.

ही झाली कालची गोष्ट. आज दुपारी स्वयंपाकघरात पाणी उकळत होतं आणि वन्संची मूठ पातेल्याच्या वर आली होती.

"त्या कार्डावर 'चल की एकदा' नाही," वहिनी म्हणाल्या. "ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही."

"लपणात मी ते कधी बोलले?"

"नाही."

"मग नकलेचं काय घेऊन बसलात? ते ह्यांनाच ठाऊक होतं आणि मला."

"तुमच्या मनात होतं ते. घोळत होतं."

"मनातलं पाणकणसांना ऐकू येतं? पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेली बाई बोलतेय ही?"

वन्संनी मूठ उघडली. कार्ड पाण्यात पडलं, एकदा वर आलं, बुडबुड्यांबरोबर गोल फिरलं आणि तळाला गेलं. वहिनी ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर शांतता आली.

"उकळा," वहिनी म्हणाल्या. "मला नाही लागत ते. काल वाजवलं कुठे होतं कुणी?"

"वहिनी, तुम्ही बुडाला असता काल. दादा जसा…"

"तर काय झालं असतं? इथे माझी वाट कोण बघतंय? तुम्ही कडी लावाल आज. उद्या लावाल. महिनाभर लावाल. कधीतरी तुमचा डोळा लागेलच की, वन्सं. ते थांबतील. इतके रविवार थांबले माझ्यासाठी."

"तो दादा नाही."

"छातीवर हात ठेवून सांगा मला. आवाज ह्यांचा नव्हता?"

वन्सं खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. आयुष्यात जिथे खोटं बोलून सगळ्यांचं बरं झालं असतं, तिथेही त्या बोलल्या नव्हत्या. "आवाज त्याचाच होता," त्या म्हणाल्या.

"झालं तर मग. मला बोलावलंय, मी जाणार. तुम्हाला नाही बोलावलं, म्हणून तुमचा जळफळाट चाललाय. बहीण ना तुम्ही? सगळी पाखरं तुम्हाला दाखवली त्यांनी, आणि हाक मात्र मला मारली."

हे बोलायला नको होतं, हे वहिनींना बोलतानाच कळलं. पण वन्सं चिडल्या नाहीत. त्यांनी गॅस बंद केला. उकळी बसली आणि स्वयंपाकघरात एकदम शांत झालं. मग त्यांनी दुसरं स्टूल ओढलं, वहिनींच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांची बोटं गार पडली होती. त्या वहिनींच्या ओठांकडे बघत होत्या, बहिऱ्या माणसाने बघावं तसं, जणू समोरून येणारा आवाज ह्या ओठांतूनच येतोय ना, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

"काय झालं, वन्सं?" वहिनींनी विचारलं. "असं का बघताय?"

वन्सं दाराकडे एकदा बघून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मी आज पहाटे एकटीच गेले होते, वहिनी… तुम्ही इथे गोळी घेऊन झोपला होतात, आणि तिथे आतून तुमचा आवाज मला म्हणत होता, वन्सं, या ना आत, हे सापडले."